नकटीच्या घराला सतराशे विघ्नं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून थोडं आवरून छापत आहोत.)



तांदूळ निवडत असाल तर निवडत राहा, भाजी चिरत असाल तर चिरत राहा. कान तेवढे इकडे द्या.

आपल्याकडे म्हण आहे, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आज मी एका नकटीचीच गोष्ट सांगणार आहे. तिच्या लग्नाला विघ्न येत नाही. ते दर पावसाळ्यात बिनबोभाट लागतं. विघ्नं येतात ती तिच्या घराला. ही नकटी म्हणजे एक रानबदक आहे, आणि ते बदक झाडावर घर करतं.

"झाडावर बदक? काहीतरीच काय!" असं तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील. मीही तसंच म्हटलं होतं. मला ते कसं कळलं, ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तलावाच्या पाळीवर एक जुनं आंब्याचं झाड होतं. अर्धं वाळलेलं, खोडात मोठी ढोली पडलेली. कैऱ्या येणं कधीच बंद झालेलं. झाड काढायचं ठरलं तेव्हा आमच्या गटाने ते घेतलं. पुढाकार माझाच होता. फळ नाही, सावली नाही, नुसती जागा अडवून उभं आहे, असं मीच बैठकीत म्हणाले होते. लाकूड वाटून घेतलं. खरं सांगायचं तर त्यात आतून भुसाच जास्त निघाला. वाळवी आणि माती. महिनाभर चुली पेटल्या आणि विषय संपला.

पुढच्या आषाढात दोन मोठे पक्षी पाळीवर घिरट्या घालताना दिसले. झाड होतं तिथे यायचे, वळायचे, परत यायचे. दोन-तीन दिवस तेच चाललं होतं. आमच्या शेजारच्या ढिवराच्या आजी पाण्यावर जाळं घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या, वर बघितलं आणि मला म्हणाल्या, "बाई, तिचं घर तुम्ही चुलीत घातलं."

तेव्हापासून मी या पक्ष्याबद्दल वाचायला, विचारायला लागले. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

नकटा कसा ओळखायचा

या बदकाचं नाव नकटा. गंमत अशी की नराचं नाक कुणाहीपेक्षा मोठं असतं. त्याच्या चोचीच्या मुळाशी काळा, मांसल असा उंचवटा असतो, मोठ्या गाठीसारखा. विणीचा हंगाम आला की तो आणखी फुगतो, हंगाम सरला की लहान होतो. मादीला हा उंचवटा नसतोच, म्हणून खरी नकटी तीच. मादी आकारानेही नरापेक्षा बरीच लहान असते.

दोघांचं डोकं आणि मान पांढरी, त्यावर काळे ठिपके. कुणी काळे तीळ शिंपडावेत तसे. पाठ काळी, पण उन्हात हिरवी-निळी-जांभळी चमकते, पैठणीच्या पदरासारखी. पोट पांढरं. मोठा नर दोन-अडीच किलोपर्यंत भरतो, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या बदकांपैकी हे एक. आवाज मात्र फारसा नाही. पाळीव बदकासारखी क्वॅक-क्वॅक करत ते हिंडत नाहीत. त्यामुळे तलावात नकटे असले तरी पुष्कळदा आपल्या लक्षातच येत नाही.

झाडावर घर करणारं हे एकटंच बदक नाही. काणूक नावाचं एक इवलंसं बदक आहे, भारतातलं सर्वांत लहान. तेही ढोलीत अंडी घालतं. अडई, जिला काही ठिकाणी सिल्ली म्हणतात आणि जी उडताना शीळ घालते, तीसुद्धा झाडाच्या ढोलीत किंवा फांद्यांच्या बेचक्यात घरटं करते. हळदी-कुंकू बदक मात्र जमिनीवर, गवतात घरटं करतं. नवेगावबांधला वनखात्यात काम केलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची अशी गावोगावची नावं जमवून ठेवली आहेत. तुमच्या गावात यांना काय म्हणतात ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. वेगळं नाव निघालं तर आम्हाला कळवा.

बाळंतपण आणि उडी

नकटीचं बाळंतपण पावसाळ्यात असतं, साधारण जुलै ते सप्टेंबर. आपली रोवणी चाललेली असते तेव्हा ती घर शोधत असते. तिला पाण्याजवळचं मोठं, जुनं झाड लागतं आणि त्यात आत बसता येईल एवढी ढोली लागते. आंबा, मोह, वड, कहू म्हणजे अर्जुन, असं कुठलंही झाड चालतं. क्वचित जुन्या पडक्या भिंतीतल्या भोकातही ती अंडी घालते. ढोलीत थोडं गवत, काही पिसं घालते. अंडी सहसा सात ते पंधरा. कधी दोन माद्या एकाच ढोलीत अंडी घालतात, मग त्यांची संख्या आणखी वाढते.

अंड्यांवर मादी एकटीच बसते. जवळपास महिनाभर. नर बाहेर पाण्यावर असतो, आणि एका नराच्या एकापेक्षा जास्त माद्या असू शकतात. म्हणजे घर, बाळंतपण, पिल्लं सगळं तिच्याच गळ्यात. हे ऐकून तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. हसा!

खरी कमाल पुढे आहे. चिमणीची पिल्लं उघडी, आंधळी निघतात. आई दाणा भरवते तेव्हा ती जगतात. बदकाची पिल्लं तशी नसतात. ती अंगावर लव घेऊन, डोळे उघडे ठेवूनच बाहेर येतात. आई त्यांना भरवत नाही. अंड्यातून निघाल्यावर एक-दोन दिवसांत ती ढोलीच्या तोंडाशी येतात आणि खाली उडी मारतात. पंख फुटलेले नसतात. दोन पुरुष उंचीवरून, कधी त्याहूनही वरून, कापसाच्या बोंडासारखी टपटप खाली पडतात. अंग हलकं असतं, खाली पालापाचोळा असतो, म्हणून सहसा लागत नाही. आई त्यांना गोळा करते आणि रांगेने पाण्याकडे नेते. पाण्यात किडे, कोवळे कोंब, गवताचं बी ती स्वतःच टिपून खातात.

म्हणजे नकटीला दोन गोष्टी जवळजवळ लागतात. ढोलीचं झाड हे तिचं घर आणि तलावाचा उथळ, गवताळ काठ ही तिच्या पिल्लांची अंगणवाडी. झाड आहे पण काठावर गवत नाही, तर पिल्लं उपाशी. काठ चांगला आहे पण झाड नाही, तर पिल्लं निघणारच नाहीत.

यादीत तिची जागा कुठे?

आता मुद्द्यावर येते. नकटा धोक्यात आहे का?

जगात कुठला प्राणी किती धोक्यात आहे, याची एक मोठी यादी असते. तिला लाल यादी म्हणतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, म्हणजे आययूसीएन, ही यादी १९६४ पासून ठेवतो. यादीला जिन्यासारख्या पायऱ्या आहेत. सर्वांत सुरक्षित पायरी 'चिंता कमी'. त्यापुढे 'संकटाच्या उंबरठ्यावर', मग 'असुरक्षित', मग 'संकटग्रस्त', मग 'अतिसंकटग्रस्त'. त्यापुढे फक्त माणसाने पाळलेले उरलेत, रानात नाहीत अशी पायरी. शेवटची पायरी 'नामशेष', म्हणजे कायमचा संपलेला.

पायरी ठरवताना काही हिशेब लावतात. त्यातला एक सोपा करून सांगते. समजा एखाद्या जातीचे शंभर पक्षी होते. दहा वर्षांत किंवा त्या पक्ष्याच्या तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, ते सत्तरवर आले तर पक्षी 'असुरक्षित'. पन्नासवर आले तर 'संकटग्रस्त'. वीसच उरले तर 'अतिसंकटग्रस्त'. पक्षी किती जागेत पसरलेला आहे, एकूण किती उरले आहेत, हेही बघतात.

नकटा या यादीत पहिल्याच पायरीवर आहे. 'चिंता कमी'.

ऐकून बरं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. मग वाटलं, जाऊ दे, एक आंब्याचं झाड गेलं तर काय मोठं. पण त्याच यादीत नकट्यासमोर आणखी एक नोंद आहे : संख्या घटते आहे.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? नकटा फार मोठ्या मुलखात राहतो. आफ्रिकेत सहाराच्या वाळवंटाखालचे देश, मादागास्कर, मग आपला भारत, पुढे ब्रह्मदेशापासून आग्नेय आशियापर्यंत. एवढ्या मुलखातल्या पक्ष्यांची बेरीज केली की आकडा मोठा येतो, आणि घट शंभराचे सत्तर होण्याइतकी वेगाची दिसत नाही. म्हणून पायरी खालची. पण ही बेरीज जगाची आहे. तुमच्या-माझ्या तलावाचा हिशेब तिच्यात वेगळा दिसत नाही. श्रीलंकेत एके काळी नकटे घरटी करत असत. तिथून ते नाहीसे झाले, आता तिथे नकटा दिसला तरी बातमी होते. तरी जगाच्या यादीत नकटा 'चिंता कमी'च राहिला.

आपल्याला हे नवीन नाही. दारिद्र्यरेषेची यादी आपण चांगली ओळखतो. यादीत नाव नाही म्हणून त्या घरात चूल रोज पेटते असं होतं का? गावातली कुठली बाई खरी अडचणीत आहे, हे यादीआधी शेजारणीला कळतं. पक्ष्यांचंही तसंच आहे. जगाची यादी हवीच, तिच्यामुळे मोठे निर्णय होतात. पण आपल्या तलावाची शेजारीण आपणच आहोत.

देशाचा हिशेबही सांगते. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. देशभरातल्या तीस हजारांवर पक्षी बघणाऱ्या लोकांनी केलेल्या नोंदी एकत्र करून ९४२ जातींचा अभ्यास केला. ज्या गटांतली घट सर्वांत जास्त दिसली, त्यांत शिकारी पक्षी आणि लांबून येणारे पाणथळीचे पक्षी आहेत. आणि बदकंही आहेत.

घसरण कशी होते

या जिन्याच्या बऱ्याच पायऱ्यांवर बदकं सापडतात. आसामच्या पावसाळी जंगलात एक मोठं बदक आहे, तिथले लोक त्याला देवहांस म्हणतात. आसामने त्याला राज्यपक्षी केलं आहे. तेही मोठ्या झाडांच्या ढोलीत घर करतं. सखल जंगलं तुटली, जुनी झाडं गेली, आणि आज साऱ्या जगात मिळून हजाराच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे. आणखी एक होतं, गुलाबी डोक्याचं बदक. ते जमिनीवर घरटं करायचं, बिहार-बंगालकडच्या दलदलीत राहायचं. दलदली शेतीखाली गेल्या, शिकार झाली. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ते कुणी खात्रीने पाहिलेलं नाही.

तेही एके काळी कुणाच्या तरी गावचे पक्षी होते.

उलटंही घडतं, तेही सांगते. अमेरिकेत वुड डक नावाचं सुंदर बदक आहे. तेही ढोलीत राहतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेसुमार शिकार आणि जुन्या झाडांची तोड यामुळे ते संपतंय की काय असं वाटायला लागलं. १९१८ साली तिथे कायदा झाला आणि त्याची शिकार थांबवली. पुढे १९३० नंतरच्या दशकात लोकांनी पाण्याजवळ लाकडी पेट्या लावायला सुरुवात केली, ढोलीऐवजी घर म्हणून. शेतकऱ्यांनी लावल्या, शाळेतल्या मुलांनी लावल्या. आज ते तिथलं नेहमी दिसणारं बदक आहे. वेळेवर हात दिला तर पक्षी परत येतो, याचा हा दाखला.

आपल्याकडची विघ्नं

आता आपल्या पाळीवर येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा तलावांचा मुलूख. जुने मालगुजारी तलाव इथे हजारोंनी आहेत. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी गोंड राजांच्या काळापासून ते बांधत आणले. पाळीवर आंबा, मोह, कहू लावले, त्यांच्या मुळांनी माती धरली. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाळीवरच्या झाडांना धनी उरला नाही.

पहिलं विघ्न म्हणजे ढोलीचं झाड. ढोली कशी होते? फांदी मोडते, जखमेतून पाणी शिरतं, बुरशी लागते, वाळवी लागते, सुतार पक्षी टोचतो, आणि आतलं लाकूड हळूहळू कुजतं. बदक शिरेल एवढी ढोली व्हायला झाड जुनं, जाड बुंध्याचं लागतं आणि पुष्कळ वर्षं जावी लागतात. बदकाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याची चोच त्या कामाची नाही. आज लावलेलं रोप आपल्या नातवंडांच्या काळात ढोलीचं झाड होईल. म्हणून एक तोडलं तर पाच लावू, हा हिशेब इथे लागू पडत नाही. पाच लावाच, पण जुनं ठेवा. शिवाय त्या ढोलीत एकटी नकटी नसते. पोपट, पिंगळा, मैना, धनेश, मधमाश्या, सगळे तिथेच भाडेकरू असतात.

दुसरं विघ्न तलावाचा काठ. गाळ काढायचं काम चांगलं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत आपल्यातल्या अनेकींच्या शेतात गाळ पडला आणि पीक सुधारलं. पण यंत्राने चारी बाजूंनी खडा काठ उतरवला की उथळ पाणी जातं. देवधान, शिंगाडा, कमळ, पाणगवत उगवायला जागा राहत नाही. मग पिल्लांना खायला काय? आणि मासोळी अंडी कुठे घालणार? दुसऱ्या टोकाला बेशरम माजते, तीही काठ खाऊन टाकते.

तिसरं विघ्न शिकार आणि विष. बदकं धानाचे दाणे खातात हे खरं आहे, त्याबद्दल राग येतो हेही खरं. पण दाण्यांना कीटकनाशक लावून पक्षी मारण्याचा प्रकार भयंकर आहे. तो पक्षी कुणीतरी शिजवतो आणि ते विष आपल्याच लेकरांच्या पोटात जातं. कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नकट्याला मारणं, पकडणं हा गुन्हा आहे. त्याची अंडी नासणं किंवा घरट्याला त्रास देणं हेसुद्धा त्या कायद्यात शिकारीतच मोजलं जातं. परदेशी व्यापारावर नजर ठेवण्यासाठी देशांनी मिळून केलेल्या सायटीस करारातही नकट्याचं नाव आहे.

गटाने काय करावं

आता तुम्ही म्हणाल, ताई, सिलिंडर रिकामा पडला की आम्ही काय जाळायचं? प्रश्न रास्त आहे. सरपण सोडा असं मी सांगणार नाही, मीही चूल पेटवते. पडलेल्या फांद्या, वाळकी काटकी घ्या. एवढंच की ढोलीच्या झाडाला हात लावू नका. तसंही त्यात जळायला फारसं काही नसतं. मी अनुभवाने सांगते आहे.

पहिलं काम : चैत्रात, पानं विरळ असतात तेव्हा, गटातल्या चौघीजणींनी तलावाभोवती एक फेरी मारा. ढोली असलेली झाडं मोजा. झाड कुठलं, कुठल्या बाजूला, ढोली किती उंचावर, एवढं वहीत लिहा. आमच्या तलावावर आम्हाला अशी फक्त चार झाडं सापडली.

दुसरं काम : ही वही ग्रामपंचायतीत न्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्यात किमान एक तृतीयांश बाया असायला हव्यात. गावाची लोकजैवविविधता नोंदवही करणं हे तिचं काम. तुमच्या गावात ही समिती आहे का, तिच्यात कोण बाया आहेत, विचारा. नावं कागदावरच असतील तर त्या बायांना आधी सांगा की त्या समितीत आहेत! मग ढोलीची झाडं नोंदवहीत चढवा आणि ती तोडू नयेत असा ठराव ग्रामसभेत मांडा.

तिसरं काम : गाळ काढायचा असेल तेव्हा आधीच बोला. झाडांच्या बाजूचा एक काठ उथळ ठेवा. बेशरम मुळासकट काढा. देवधान राहू द्या. ऋषिपंचमीला ते आपल्याला लागतंच.

चौथं काम : पावसाळ्यात ढोलीजवळ गर्दी नको. मुलं उत्साहाने चढतात, मोबाईल घालून फोटो काढतात. मादी उठली, अंडी थंड झाली की सगळं गेलं. लांबून बघा.

पाचवं काम : दिसलं ते लिहा. तारीख, तलावाचं नाव, नर किती, मादी किती, पिल्लं किती. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या फोनवर ई-बर्ड टाकून घ्या, नोंद तिथे चढवता येते. देशाचा जो अहवाल मघाशी सांगितला, तो अशाच नोंदींतून झाला आहे. आपल्या तलावाची नोंद नसेल, तर त्या हिशेबात आपला तलाव नाही.

पेट्या लावायच्या का, असंही कुणी विचारेल. लावता येतील, पण घाई नको. पेटी चुकीच्या जागी लागली, तिच्यापर्यंत साप-मांजर पोचलं तर ती सापळाच होते. जाणकाराला सोबत घ्या. आणि उभं झाड आहे तोवर पेटीवर भर देऊ नका.

आमच्या पाळीवर

शेवटी आमच्या गावची गोष्ट पुरी करते. या उन्हाळ्यात पाळीवरच्या एका कहूचा विषय निघाला. शेंडा वाळलेला, खोडात ढोली. काढून टाकावा, असं काहींचं म्हणणं होतं. बैठकीत दोन्हीकडून बोलणं झालं. एकजण म्हणाली, "पक्ष्याचं बघता, आमच्या चुलीचं कोण बघणार?" तिचं चुकलं नव्हतं. मग असं ठरलं की वाळलेला शेंडा तेवढा उतरवायचा, कुणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. ते सरपण तिच्यासह ज्या तिघींकडे गॅस नाही त्यांना द्यायचं. खालचं खोड ढोलीसकट उभं ठेवायचं. परवानगी घेऊन तसंच केलं.

नकटी आली का? या पावसाळ्यात नाही आली. ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायला आली आहे. संध्याकाळी दोघं तोंडाशी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोळे वटारून बघतात. त्याच आजी परवा तिथून जाताना म्हणाल्या, "राहू दे. घर उभं असलं की कुणी ना कुणी येतं."

आमच्या वहीत मात्र भाद्रपदातली एक नोंद आहे. तलावाच्या पलीकडच्या अंगाला, देवधानात, एक मादी आणि तिच्यामागे नऊ पिल्लं. म्हणजे त्या बाजूला कुठेतरी एक ढोली आहे. आमच्या यादीत नसलेली, पाचवी. चैत्रात ती शोधायची आहे.

तुमच्या तलावावर किती आहेत, मोजा आणि कळवा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार!